जुन्या स्मरणिकांच्या फाइल्स नुसत्या पीडीएफ करून ठेवल्या तर पुरे का?

इंदूरच्या तुमच्या मंडळाच्या नव्वदच्या दशकातल्या स्मरणिका फ्लॉप्यांवर आणि सीडींवर आहेत, काही वर्डमध्ये, काही पेजमेकर या पानं मांडायच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये, आणि त्या सगळ्यांची पीडीएफ केली की काम संपेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही संपणार. पीडीएफ कराच, पण अवघड काम त्याच्या पुढे आहे.

मी इंदुरातच डीटीपी करतो. त्या काळी इथे मराठी मजकूरसुद्धा बहुतेक हिंदी टायपिस्टांकडेच जायचा आणि कृतिदेव फॉन्टमध्ये, रेमिंग्टन कळफलकावर, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीने, टाइप व्हायचा. तुमच्याही फाइल्स तशाच असाव्यात. वर्डच्या फॉन्टच्या चौकटीत नाव बघा. फॉन्ट संगणकावर नसला तरी नाव दिसतं. कृतिदेवच्या फाइलमध्ये देवनागरी मुळात नसतेच. आत रोमन अक्षरं असतात आणि फॉन्ट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. ‘इंदूर’ हा शब्द आत बी, ए, एन, डब्ल्यू, जे असा असतो. तेव्हा वर्डच्या जुन्या डॉक फाइलची नवी डॉकएक्स करा, ओडीटी (लिब्रेऑफिसचा फाइल-प्रकार) करा किंवा पीडीएफ करा, आत तीच अक्षरं राहतात. पीडीएफचं पान सुरेख दिसेल, पण त्यात ‘होळकर’ शोधलंत तर एकदाही सापडणार नाही.

आधी मूळ फाइल्स सुरक्षित करा. साडेतीन इंची फ्लॉपीसाठी यूएसबी ड्राइव्ह मिळतो. कोपऱ्यातली खिटी सरकवून भोक उघडं करा, म्हणजे चुकून काही लिहिलं जाणार नाही. फ्लॉपी वाचताना अडखळत असेल तर ती पुन्हा पुन्हा घालून बघू नका. डीडीरेस्क्यूसारख्या, खराब डिस्क वाचणाऱ्या साधनाने तिची पूर्ण प्रतिमा, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाइलमधली हुबेहूब नक्कल, काढा आणि पुढचं काम प्रतिमेवरच करा. मूळ फाइल्स पुढेही कधी पुसू नका. उद्या हा मजकूर खऱ्या देवनागरीत बदलणारा आणखी चांगला कन्व्हर्टर मिळाला तर त्याच लागतील.

वर्ड ९५ आणि त्याआधीच्या फाइल्स आजचं वर्ड उघडायला कुरकुरतं. लिब्रेऑफिस हे वर्डसारखंच मोफत सॉफ्टवेअर त्या बहुतेक वेळा सरळ उघडतं, पेजमेकरच्याही काही उघडतं. योग्य फॉन्ट घालून पान नीट दिसायला लागलं की तिथेच पीडीएफ/ए करा. हा २००५ पासूनचा, जतनासाठीचा आयएसओचा (आंतरराष्ट्रीय मानकाचा) पीडीएफ प्रकार आहे आणि त्यात फॉन्ट फाइलच्या आतच बसवलेला असतो. मजकुराला हात लावण्यापूर्वीचा हा साक्षीदार पुढे प्रत्येक शंकेला उपयोगी पडेल.

मग मजकूर युनिकोडमध्ये न्यायचा, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असलेल्या, सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीत. कृतिदेवचे कन्व्हर्टर पुष्कळ आहेत, पण बहुतेक हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले, आणि मराठी नेमकी तिथे मार खाते. कृतिदेवमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. कन्व्हर्टरने दोन्ही उचलून योग्य जागी न्यायचे असतात. जोडाक्षर आलं की कच्चा कन्व्हर्टर चुकतो. ‘व्यक्तिमत्त्व’, ‘स्थिती’, ‘कार्यक्रम’, ‘होळकर’, ‘ऑफिस’ एवढे शब्द आधी तपासा, कन्व्हर्टरची लायकी कळेल.

सगळ्यात त्रास होतो तो ‘ऱ्या’ आणि ‘ऱ्हा’चा. हा अर्धा र मिळत नसे, म्हणून टायपिस्ट सरळ आडवी रेघ मारत: ‘दुस-या’, ‘येणा-या’, ‘क-हाड’. या रेघेचा कन्व्हर्टरला पत्ता नसतो. ‘-या’ आणि ‘-हा’ शोधून एकेक ठिकाणी डोळ्यांनी बघूनच बदला, कारण मधूनच खरी संयोगरेषाही येते. आणखी एक गोष्ट कटाक्षाने पाळा. युनिकोडमध्ये ‘ऱ्या’ दोन तऱ्हांनी लिहिता येतं: खालचं टिंब असलेल्या ऱ पासून, किंवा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक वापरून. दिसायला दोन्ही सारखे, पण एक शोधलं तर दुसरं सापडेलच असं नाही. मी पहिली रीत वापरतो. तुम्ही कोणतीही एक धरा आणि सगळ्या अंकांत तीच ठेवा. ‘ॲ’चंही तसंच: त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्यामुळे जुने कन्व्हर्टर अ आणि चंद्र वेगळे देतात.

मजकुरात इंग्रजी नावं किंवा पत्ते असतील तर अख्खी फाइल कन्व्हर्टरमध्ये टाकू नका, त्यांचं विचित्र देवनागरी होतं. वर्डच्या शोधामध्ये फॉन्ट निवडता येतो. फक्त कृतिदेवमधला मजकूर उचला.

मूळ लेखकाने किंवा टायपिस्टाने ‘होलकर’ असं हिंदी वळणाने लिहिलं असेल तर ते तसंच राहू द्या. इंदुरातली मराठी त्या वर्षी कशी लिहिली जात होती, हा त्या स्मरणिकेचाच भाग आहे. आडवी रेघ मात्र नाइलाजाने मारलेली होती. ती सुधारायला हरकत नाही, फक्त सुधारल्याची नोंद फाइलच्या सुरुवातीला ठेवा.

शेवटी प्रत्येक अंकाच्या चार गोष्टी एका फोल्डरमध्ये हव्यात: मूळ फाइल, पीडीएफ/ए, युनिकोडमधली ओडीटी आणि यूटीएफ-८ मधला (युनिकोड साठवायच्या नेहमीच्या पद्धतीतला) साधा मजकूर. या फोल्डरची एक प्रत मंडळाबाहेर, दुसऱ्या घरी ठेवा.

सगळ्यात जुन्या फ्लॉप्यांपासून सुरुवात करा. फॉन्ट कृतिदेव न निघता श्रीलिपी किंवा शिवाजी निघाला तर त्याचं पूर्ण नाव इथे लिहा. त्यांची अक्षरांची मांडणी वेगळी असते आणि कन्व्हर्टरही वेगळा लागतो.