सुबाभूळ कितीदा तोडली तरी पुन्हा फुटते. कायमची कशी घालवायची?

काटे नाहीत, पांढरे गोंडे येतात आणि दोनदा बुडापासून तोडूनही झाड फुटलं, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक सुबाभूळच. खात्रीसाठी शेंगा बघा: साधारण वीतभर, चपट्या, कागदासारख्या पातळ, वाळल्यावर तपकिरी, झुपक्यानं लोंबणाऱ्या. गावठी बाभळीला आणि वेड्या बाभळीला काटे असतात, त्यामुळे तिथे प्रश्नच नाही. गल्लत होते ती शिरीषाशी. त्याच्या पानातली पानं बरीच रुंद असतात आणि फुलाचे तंतू लांब, मऊ. सुबाभळीचा गोंडा म्हणजे घट्ट चेंडू.

ही मूळची मेक्सिको-मध्य अमेरिकेकडची. चारा-सरपणासाठी लोकांनीच हौसेनं जगभर लावली.

मी पहिल्यांदा तोडली तेव्हा शेंगा पिकलेल्या होत्या. फांद्या ओढत बाहेर नेल्या. पुढच्या पावसात ओढलेल्या वाटेवर रोपांची सरळ रांग उगवली, कोणी पेरल्यासारखी! तेव्हा कळलं, झाडापेक्षा शेंग मोठी वैरी. बी टणक असतं, मातीत दहा-दहा वर्षं टिकतं. म्हणून शेंगा हिरव्या असतानाच, शक्यतो फुलावर असताना तोडा.

नुसतं तोडून मात्र भागत नाही, बुंध्यातले झोपलेले डोळे लगेच जागे होतात. जमिनीलगत कापा आणि पाच-दहा मिनिटांच्या आत ताज्या कापावर ब्रशनं ग्लायफोसेट हे तणनाशक लावा. सालीच्या आतली कडा भिजली पाहिजे. मधलं लाकूड मेलेलंच असतं, तिथे औषध वाया जातं. प्रमाण लेबलावरचंच, हातमोजे घालून. पाऊस यायच्या बेतात असेल किंवा शेजारी पाणी असेल तर नको. त्याआधी तुमच्याकडे ते वापरायला परवानगी आहे का, तेही विचारा.

औषध नको असेल तर दर दोन-तीन आठवड्यांनी फुटवे खुडत राहा. खोड थकतं, पण वर्ष-दोन वर्षं जातात. मला एवढा धीर नाही. शेळ्या फुटवे आवडीनं खातात, तेवढाच हातभार. घोड्यांना मात्र देऊ नका, त्यातल्या मायमोसीन या विषारी घटकानं आयाळ-शेपटीचे केस गळतात.

रोपं बोटभर असताना, माती ओली असताना उपटा. हलक्या हातानं ओढलं तर सोटमूळ अख्खं निघतं. गुडघ्याएवढं झालं की मूळ तुटतं आणि कुदळ घ्यावी लागते. रिकाम्या जागेत दाट सावली देणारं स्थानिक काहीतरी लावून टाका, सावलीत हिची रोपं रडतात. तरी पुढची काही वर्षं पहिल्या पावसानंतर एक फेरी मारायचीच.