आधी केस बघ, मग जनुक

प्रिय,

पत्र मिळालं. केसांचे आणि त्वचेचे आनुवंशिक विकार हाच विषय घ्यायचं ठरवलंस, छान झालं. पण पत्रभर सिक्वेन्सिंग (डीएनएची अक्षरं वाचणं), सॉफ्टवेअर आणि सर्व्हर यांचीच चौकशी आहे. माणसाच्या अंगावर काय बघायचं, हे एकदाही विचारलेलं नाहीस. मी त्याबद्दलच लिहिणार आहे. सॉफ्टवेअर तू माझ्याआधी शिकशील.

एका माणसाचं एक्सोम, म्हणजे डीएनएतला प्रथिनं घडवणारा भाग, वाचलं की वीस हजारांच्या आसपास बदल समोर येतात. बहुतेक निरुपद्रवी असतात. गाळत गाळत तू शे-दोनशे बदलांपर्यंत येशील आणि तिथे अडकशील. तिथून पुढे उपयोगी पडते ती पहिल्या भेटीत वहीत केलेली नोंद. ‘केस कमी’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्या नोंदीचा काही उपयोग नाही. जन्मतः केस होते का? जावळ गेल्यावर पुन्हा आले का? मधेच तुटतात की मुळासकट निघतात? भुवया आणि पापण्या आहेत का? घाम येतो का? दात किती आणि कोणत्या आकाराचे? नखं कशी आहेत? तळहात-तळपाय जाड झालेत का? हे सगळं विचारायला वेळ लागतो, आणि आई-वडिलांना आठवायलाही वेळ द्यावा लागतो. घाई केलीस तर ते तुला हवं ते उत्तर देऊन मोकळे होतील.

जावळाचा प्रश्न उगाच घातलेला नाही. अ‍ॅट्रिकिया नावाच्या विकारात मूल केसांसकट जन्मतं, काही महिन्यांत ते गळतात आणि परत येतच नाहीत. १९९८ मध्ये वसीम अहमद, अँजेला क्रिस्टियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाकिस्तानातल्या एका कुटुंबाच्या अभ्यासातून त्यामागचं ‘हेअरलेस’ जनुक दाखवलं. तोवर अशा मुलांवर सर्वांगी चाईचा शिक्का बसणं सहज शक्य होतं, आजही बसतो. चाईत शरीराची प्रतिकारशक्ती केसांच्या मुळांवर उलटते; मुळं शाबूत असतात, म्हणून हल्ला थांबवला तर केस येऊ शकतात. २०२२ मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाला प्रौढांच्या तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली ती याच तत्त्वावर. अ‍ॅट्रिकियात केस तयार करणारी रचनाच मोडून गेलेली असते, तिथे प्रतिकारशक्ती दाबून मुलाच्या वाट्याला फक्त दुष्परिणाम येतील. दोन्ही मुलांचं डोकं लांबून सारखंच दिसतं. फरक इतिहासात असतो.

दुसरी गोष्ट, साधा सूक्ष्मदर्शक कधी हलका समजू नकोस. केस काचपट्टीवर ठेवून बघायला पाच मिनिटं लागतात. मोनिलेथ्रिक्समध्ये केस ठरावीक अंतरावर फुगीर आणि बारीक होत जातो आणि बारीक जागी तुटतो; लगेच केसांतल्या केराटिन या प्रथिनाच्या जनुकांकडे वळायचं. नेदरटन सिंड्रोममध्ये केसावर बांबूच्या पेरासारखी गाठ दिसते. तिथे जनुक वेगळं, आणि रोगाचा खरा त्रास त्वचेत आणि अ‍ॅलर्जीत. ध्रुवित प्रकाशात केसावर आळीपाळीने उजळ आणि काळे पट्टे दिसले तर ट्रायकोथायोडिस्ट्रॉफीचा विचार करायचा. या विकाराबद्दल एक मुद्दाम सांगते, कारण ‘जनुक सापडलं, काम झालं’ असं मानणाऱ्यांना मी हेच उदाहरण देते. ट्रायकोथायोडिस्ट्रॉफीच्या बऱ्याच रुग्णांत एक्सपीडी या जनुकात बिघाड असतो. त्याच जनुकातल्या वेगळ्या बिघाडाने झेरोडर्मा पिग्मेंटोझम होतो, ज्यात उन्हामुळे त्वचेचे कर्करोग लहान वयातच होऊ लागतात. ट्रायकोथायोडिस्ट्रॉफीत मात्र कर्करोगाचा धोका तसा वाढत नाही. अहवालावर जनुकाचं नाव एकच, आणि दोन कुटुंबांना सांगायच्या गोष्टी अगदी निराळ्या.

आता नॅक्सॉसबद्दल. हे सगळ्यांत नीट लक्षात ठेव, इथे जिवाचा प्रश्न आहे. नॅक्सॉस या ग्रीक बेटावरच्या काही कुटुंबांत जन्मापासून लोकरीसारखे कुरळे केस, चालायला लागल्यावर जाड होत जाणारे तळवे आणि पुढे किशोरवयात हृदयाच्या ठोक्यांतली गडबड असा विकार १९८६ मध्ये नोंदवला गेला. त्यातल्या काहींना अचानक मृत्यू येतो. २००० मध्ये कारण सापडलं: प्लॅकोग्लोबिन या प्रथिनाच्या जनुकात दोन अक्षरं गळालेली. पेशी एकमेकींना जिथे घट्ट धरून ठेवतात, त्या डेस्मोसोम नावाच्या जोडांमध्ये हे प्रथिन असतं. सतत ताण सोसणाऱ्या दोन जागा म्हणजे त्वचा आणि हृदय, म्हणून बिघाड तिथेच दिसतो. त्याच वर्षी डेस्मोप्लॅकिन या दुसऱ्या जोड-प्रथिनामुळे होणारा असाच विकार इक्वाडोरमधल्या कुटुंबांत स्पष्ट झाला. लोकरी केस असलेली बहुतेक मुलं हृदयाने ठणठणीत असतात. त्यांच्यात वेगळीच जनुकं बिघडलेली असतात आणि त्रास केसांपुरताच राहतो. म्हणून लोकरी केस दिसले की घाबरवायचं नाही, तळवे बघायचे. तळवे जाड असतील तर जनुकाच्या अहवालाची वाट न बघता हृदयरोगतज्ज्ञाकडे पाठवायचं. अहवाल यायला महिने लागतात आणि ईसीजी त्याच दिवशी निघतो.

वंशावळ स्वतःच्या हाताने काढ. डार्विनने १८७५ मध्ये सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाची हकीकत नोंदवली आहे: चार पिढ्यांतले दहा पुरुष, दात मोजकेच, केस विरळ, उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून हाल. मुलींना काही नाही, पण त्यांच्या मुलांमध्ये विकार पुन्हा उतरलेला. जनुक हा शब्दही तेव्हा नव्हता, तरी एक्स गुणसूत्रावरून जाणाऱ्या विकाराची खूण त्यात स्वच्छ आहे. केस, दात आणि घामाच्या ग्रंथी घडायला लागणारं ते ईडीए जनुक १९९६ मध्ये हाती लागलं. मात्र ‘मुलींना काही नाही’ यावर तू विश्वास ठेवू नकोस. वाहक, म्हणजे एक सदोष प्रत बाळगणाऱ्या, स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स गुणसूत्र चालू असतं, त्यामुळे तिच्या पाठीवर आयोडिन-स्टार्चची चाचणी (घाम येतो तिथे रंग गडद होतो) केली तर घामाचे आणि बिनघामाचे पट्टे आलटून पालटून दिसतात. ते पट्टे ब्लाश्को या त्वचारोगतज्ज्ञाने १९०१ मध्ये रेखाटलेल्या त्वचेवरच्या रेषांवरून जातात. एखादा दात टोकदार असतो, एखादा आलेलाच नसतो. तेव्हा मुलाबरोबर आलेल्या आईलाही तपास. तिला कोणीच कधी तपासलेलं नसतं.

या विकाराचं पुढचं पाऊलही वाचून ठेव. जर्मनीतल्या एर्लांगेनमध्ये ईडीए प्रथिनाचा बनवलेला पर्याय गर्भजलात सोडला, आणि जन्मलेल्या मुलांना घाम येऊ लागला. हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. घामाच्या ग्रंथी गर्भातच घडतात, म्हणून वेळ साधणं महत्त्वाचं होतं. वेळ साधायची तर आई वाहक आहे हे आधी कळायला हवं.

जे बिघडलं आहे तेच बघायची आपल्याला सवय असते. इक्थिओसिस विथ कॉन्फेटी या विकारात सगळं अंग लाल आणि खपल्यांनी भरलेलं असतं, आणि वाढत्या वयाबरोबर त्यावर निरोगी त्वचेचे फिकट ठिपके उमटत जातात, शेकडोंनी, पुढे हजारोंनी. कीथ चोएट आणि सहकाऱ्यांनी त्या निरोगी ठिपक्यांतला डीएनए शेजारच्या आजारी त्वचेशी ताडून पाहिला. प्रत्येक ठिपक्यात सतराव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यात अदलाबदल होऊन दोन्ही प्रती सारख्या झालेल्या होत्या. पट्टा दर ठिपक्यात वेगळ्या जागी सुरू होत होता, पण केराटिन १० चं जनुक प्रत्येकात आत सापडत होतं. म्हणजे पेशी विभागताना सदोष प्रत आपोआप गळून गेली होती, आणि तेही एकाच माणसात पुन्हा पुन्हा. २०१० मधला हा शोध मला या क्षेत्रातला सगळ्यांत देखणा वाटतो. त्यासाठी आधी कोणीतरी ‘इथे बरं का झालं?’ असं विचारावं लागलं.

सिक्वेन्सिंगबद्दल थोडंच लिहिते. ‘काही सापडलं नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा होत नाही. फिलॅग्रिन या त्वचेतल्या प्रथिनाचं जनुक घे, ज्यातल्या बिघाडाने इक्थिओसिस व्हल्गॅरिस (त्वचा कोरडी आणि खवल्यांची होणं) होतो आणि एक्झिमाचा धोका वाढतो, हे २००६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीच्या अर्विन मॅक्लीन यांच्या गटाने दाखवलं. या जनुकात जवळजवळ सारखाच मजकूर दहा ते बारा वेळा येतो. छोटे तुकडे वाचणारं यंत्र कुठला तुकडा कुठे बसवायचा यात गोंधळतं. शिवाय युरोपात सर्रास सापडणारे बदल दुसऱ्या लोकसमूहांत सापडतीलच असं नाही. तिथे निराळे बदल असतात. बदलांचं वर्गीकरण २०१५ पासून पाच पायऱ्यांत होतं, त्यातली मधली पायरी ‘अर्थ अनिश्चित’. तो बदल आजारी भावंडांत आहे आणि निरोगी भावंडांत नाही, एवढं तरी पडताळल्याशिवाय कुटुंबासमोर त्याचा उच्चार करू नकोस. एकदा तोंडातून गेलेलं जनुकाचं नाव परत घेता येत नाही.

लोक उपचारांबद्दल विचारतीलच. एपिडर्मोलिसिस ब्युलोसाच्या (जराशा घर्षणाने त्वचेवर फोड येण्याच्या विकाराच्या) कुटुंबांनी सगळं वाचलेलं असतं. २०१७ मध्ये जर्मनीतल्या बोखुममधल्या सात वर्षांच्या मुलाची सुमारे ८० टक्के त्वचा जनुक दुरुस्त करून वाढवलेल्या त्वचेने बदलल्याचं प्रसिद्ध झालं, आणि त्याच्या एका प्रकारात बिघडणारं कोलॅजन ७ या प्रथिनाचं जनुक जखमेवर पोचवणाऱ्या जेलला २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, हे त्यांना ठाऊक असतं. त्यांना हेही सांग की बोखुमच्या मुलाच्या विकाराचं जनुक वेगळं होतं, त्यामुळे ती त्वचा सगळ्या प्रकारांना लागू पडत नाही. आणि कोलॅजन ७ चं जनुक १९९३ पासून माहीत होतं, जेल यायला तीस वर्षं लागली. हे ऐकून काही जण गप्प होतील. त्यांना गप्प बसू दे, लगेच आशेचं काही बोलायला जाऊ नकोस.

शेवटी फोटो. आपल्या विकारांत रोग चेहऱ्यावरच दिसतो आणि रोग दुर्मीळ असतो, त्यामुळे डोळ्यांवर काळी पट्टी मारून ओळख लपत नाही. रक्ताच्या नमुन्याची संमती आणि फोटोची संमती वेगवेगळी घे, मूल समजत्या वयाचं असेल तर त्यालाही विचार, आणि शक्य तिथे नुसत्या केसाचं किंवा तळव्याचंच चित्र छाप. आई वाहक असल्याचं निदान तिला एकटीला आधी सांग, सासरच्या माणसांसमोर नको.

पहिल्या कुटुंबाला भेटलास की वंशावळ आणि केसांचे सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो पाठव. सिक्वेन्सिंगची फाइल नंतर पाठवलीस तरी चालेल.

सस्नेह आशीर्वाद.