डोळ्याबद्दल डोळा: बदला की मोबदला?

प्रश्न असा आलाय की 'डोळ्याला डोळा' हा ज्यूंचा सूडाचा नियम आहे का आणि मराठीत तो कुठून आला. मराठीत आला बायबलच्या भाषांतरातून, त्यात फार सांगण्यासारखं नाही. पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे. तिकडे इस्राएलमध्ये हल्ला झाला, प्रतिहल्ला झाला की आपले चॅनलवाले लगेच "ज्यूंचा धर्मच सांगतो, डोळ्याला डोळा" असा मथळा चालवतात आणि वर गांधीजींच्या नावावर ते 'सगळं जग आंधळं होईल' वालं वाक्य, जे गांधीजींच्या लेखनात कुणाला सापडलेलं नाही. वर्षानुवर्षं ऐकतोय, संताप होतो.

मुळात मराठी बायबलात 'डोळ्याला डोळा' नाहीचे, 'डोळ्याबद्दल डोळा' आहे. आणि हा 'बद्दल' काय सुंदर शब्द आहे बघा! आज आपण तो 'विषयी' म्हणून वापरतो, पण आलाय अरबी 'बदल' वरून, म्हणजे एकाच्या जागी दुसरं. बदली कामगार त्यातलाच, बदला त्यातलाच, आणि मोबदलासुद्धा त्यातलाच! सख्खी भावंडं. हिब्रूत आहे 'अयिन तखत अयिन', आणि तखत म्हणजे खाली किंवा जागी. अब्राहामाने मुलाऐवजी मेंढा अर्पण केला तिथे हाच तखत आहे, आणि डोळ्यावाल्या त्याच अध्यायात (बायबलातलं निर्गम हे पुस्तक, अध्याय 21) पुढे 'बैलाच्या तखत बैल' येतं, तिथे तर सरळ नुकसानभरपाईचाच मामला आहे. म्हणजे भाषांतरकाराने 'बद्दल' नेमका निवडला, आणि आपण त्याचा 'ला' करून वाट लावली.

ज्यू धर्मशास्त्राने ह्यातून बदला नाही, मोबदला वाचला. मिश्ना ह्या ज्यू कायद्याच्या जुन्या संहितेत, म्हणजे साधारण इ.स. 200 च्या सुमाराला, इजा करणाऱ्याने पाच गोष्टींचे पैसे द्यायचे असं लिहिलंय: अवयवाचं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि गेलेली अब्रू. अब्रूचेसुद्धा! काही अभ्यासक म्हणतात की मूळ नियम खरोखर डोळा काढायचाच होता, प्राचीन बॅबिलोनचा राजा हम्मुराबी याच्या कायद्यासारखा, आणि रब्बींनी (ज्यू धर्मपंडितांनी) नंतर लाजेखातर तो मऊ केला. मला हे अजिबात पटत नाही. बायबलातल्याच गणना 35 मध्ये खुन्याच्या जिवाबद्दल खंडणी (म्हणजे शिक्षेऐवजी पैसे) घेऊ नका असं स्पष्ट बजावलंय, मग बाकी इजांना खंडणी चालत होती म्हणूनच ना खुनापुरती बंदी घालावी लागली? तालमूदनेच, म्हणजे मिश्नावरच्या रब्बींच्या चर्चेच्या ग्रंथानेच, हा मुद्दा मांडलाय. रब्बी एलिएझर एकटे 'खरोखरचा डोळा' म्हणतात, पण त्यांचं म्हणणंही तालमूद तसंच्या तसं घेत नाही.

आणि सूडाचं म्हणाल तर लेवीय 19:18 मध्ये 'सूड घेऊ नको' आणि 'शेजाऱ्यावर प्रीती कर' एकाच वचनात आहेत. तिथे फक्त आपल्या लोकांबद्दल बोललंय असा आक्षेप घेतात, त्यांनी त्याच अध्यायातलं 34वं वचन वाचावं, परक्यावरही तशीच प्रीती कर, कारण तुम्ही मिसरात परके होतात. मिश्नामध्येच 'एक जीव वाचवला त्याने जग वाचवलं' आहे, आणि कुराणात (5:32) तेच इस्राएलच्या वंशजांना सांगितलं होतं असं म्हणून येतं. 2008 ला मुंबईत नरिमन हाऊस ह्या ज्यू केंद्रासकट इतक्या ठिकाणी माणसं मारली गेली तेव्हा मरीन लाइन्सच्या बडा कब्रस्तानने त्या मारल्या गेलेल्या नऊ दहशतवाद्यांना दफनाला जागा दिली नाही, निरपराधांना मारणारे मुसलमान नव्हेतच म्हणून. ही एकच नैतिक जमीन आहे, दोन्हीकडच्या ग्रंथांत लिहिलेली.

आता माझा लाडका मुद्दा. हिब्रू अयिन म्हणजे अरबी ऐन, डोळा, आणि अरबीत ऐन म्हणजे 'मूळ वस्तू, तीच ती' असंही, त्यातूनच आपलं ऐन दुपारी, ऐन वेळी. जुन्या वसुलीच्या कागदांत 'ऐनजिनसी' म्हणजे धान्याचा सारा धान्यातच, आणि 'नक्त' म्हणजे रोख. रब्बींनी डोळ्याचा हिशेब ऐनजिनसी न घेता नक्त घेतला, ह्याहून नेमकं मराठीत सांगताच येणार नाही असं माझं ठाम मत आहे. ज्यांना पटत नसेल त्यांनी तालमूदमधला 'बावा कम्मा' काढावा, पान 83 आणि 84, आणि मग बोलावं.