व्हीएममध्ये (आभासी संगणकात) काहीच घडलं नाही, म्हणून फाइल स्वच्छ ठरत नाही

'व्हीएममध्ये फाइल चालवली, दोन सेकंदांत प्रोसेस गायब, नेटवर्कवर एक पॅकेट नाही. निरुपद्रवी म्हणून रिपोर्ट देऊ का?' असं तुम्ही विचारलंय. कृपया देऊ नका. मी दिला होता.

ओळखीच्या एका अकाउंटंटना बिल म्हणून आलेली ती फाइल असिंकरॅट निघाली, म्हणजे दुरून मशीनचा ताबा देणारा व्हायरस (रॅट). माझ्या व्हीएमची डिस्क होती ४० जीबी. या रॅटचा कोड २०१९ पासून गिटहबवर उघडा आहे. फाइल बनवणाऱ्याने तपासणी टाळण्याचा पर्याय चालू ठेवला असेल, तर फाइल आधी आजूबाजूला बघते: व्हीएमवेअर किंवा व्हर्च्युअलबॉक्स आहे का, डीबगर (प्रोग्राम आतून तपासायचं साधन) लागलाय का, विंडोजची डिस्क ६१ जीबीच्या आत आहे का. यातलं एक जरी आढळलं तरी फेलफास्ट (प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पाडणारी आज्ञा) वापरून स्वतःला संपवते.

मी 'धोका नाही' लिहिलं आणि त्या भरवशावर ते आणखी ११ दिवस त्याच मशीनवर बँकेची कामं करत राहिले. हे मला आजही डाचतं. फेलफास्टची नोंद विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या अ‍ॅप्लिकेशन लॉगमध्ये होते. मी तो लॉग उघडलाच नव्हता.

फाइल डीएनस्पायमध्ये (डॉटनेट प्रोग्रामचा कोड दाखवणारं साधन) उघडून 'सेटिंग्ज' नावाचा कोडचा भाग बघा. ती ज्या सर्व्हरशी बोलते त्याचा पत्ता (होस्ट) आणि पोर्ट एईएस एन्क्रिप्शनने झाकलेले असतात, पण किल्ली तिथेच सापडते. ६६०६, ७७०७, ८८०८ हे नेहमीचे पोर्ट, पण ते बदलता येतात. विंडोज सुरू होताच प्रोग्राम चालवणाऱ्या रजिस्ट्रीतल्या 'रन'चा पत्ता कोडमध्ये उलट्या अक्षरांत असतो, सरळ शोधलात तर मिळणार नाही. फाइलला अ‍ॅडमिन हक्क मिळाले असतील तर ती 'रन'ऐवजी टास्क शेड्यूलरमध्ये नोंद करते, तोही तपासा. अर्थात फाइल पॅक केलेली असेल तर आधी ते कवच काढावं लागेल, आणि तुमचा नमुना वेगळ्याच कुळातला असू शकतो. मी तो पाहिलेला नाही.

दुसरं, मूळ मशीनला कुणाला हात लावू देऊ नका. त्या अकाउंटंटकडे देखभालीचं कंत्राट असलेल्यांनी मी पोचायच्या आत फॉरमॅट मारला, वर 'आता सगळं क्लीन' म्हणाले. हल्लेखोराच्या सर्व्हरकडून आलेले प्लगइन (जास्तीची कामं करणारे छोटे प्रोग्राम) मेमरीत चालतात. काय काय नेलं हे सांगू शकणारा पुरावा त्यांनी पुसला. नेटची वायर काढा, मशीन चालू ठेवा, आधी मेमरीची इमेज (जशीच्या तशी प्रत) घ्या. पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

तुमच्या व्हीएमची डिस्क किती जीबीची आहे?