हात कोरडे पडू देऊ नकोस

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल दोनदा वाचला. पीएच.डी. संपत आली, जर्मनीत पोस्टडॉकचं जमतंय आणि मन मात्र तालुक्याच्या कॉलेजकडे ओढ घेतंय. त्यात गाइड म्हणतात, "तिकडे गेलीस की केमिस्ट्री संपली." अगं, केमिस्ट्री गावामुळे संपत नाही, हात कोरडे पडले की संपते. मोठ्या संस्थेत बसून नुसती प्रपोजलं लिहिणाऱ्यांचीही संपलेली मी पाहिली आहे.

नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षांचं तुला सांगायला नको. तासिका तत्त्वावर राबावं लागेल, सुट्टीत हातात काही पडणार नाही, हेही तुला ठाऊक आहे. मीही त्यातूनच आलो. एका संस्थेत मुलाखत झाल्यावर बाजूला घेऊन नोकरीसाठी द्यायच्या पैशांचा 'आकडा' सांगितला. उठून आलो. घरच्यांनी अबोला धरला.

मग हे कॉलेज मिळालं. इथली रीत अशी, की सरांनी हजेरी घेऊन स्टाफरूम गाठायची आणि 'यायला हवं ते' रीडिंग फळ्यावर लिहून ठेवायचं. मी फळा पुसला आणि टेबलापाशी उभा राहिलो. अजून उभाच आहे.

परवा दुसऱ्या वर्षाची एक मुलगी ऑक्झॅलिक ॲसिडमध्ये ब्युरेटमधून, म्हणजे खुणांच्या काचनळीतून, गुलाबी-जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडत होती. फ्लास्क 60 अंशांपर्यंत तापवलेला, तरी पहिल्या थेंबाचा गुलाबी रंग जाता जाईना. पुढचे थेंब मात्र पडल्या पडल्या विरले. "सर, पहिलाच का अडतो?" अभिक्रियेत तयार होणारं मँगनीजच तिला वेग देतं, आणि पहिल्या थेंबाच्या वेळी ते नसतंच. मी उत्तर दिलं नाही. चिमूटभर मँगनीज सल्फेट दिलं नि म्हटलं, हे टाकून पुन्हा कर. पहिलाच थेंब झटकन गेला. मग शेजारच्या टेबलावरच्यांनीही बाटली मागितली. स्टाफरूममध्ये बसलो असतो तर हा प्रश्न कानावरच आला नसता. म्हणून सांगतो, हात कोरडे पडू देऊ नकोस.

रसायनशास्त्रज्ञ प्रफुल्लचंद्र राय एडिंबरोहून डॉक्टर होऊन आले आणि 1889 मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकवू लागले. त्यांनी शोधलेलं पाऱ्याचं संयुग, मर्क्युरस नायट्राइट, 1896 चं, तिथल्याच प्रयोगशाळेतलं. प्रेसिडेन्सी काही लहान नव्हे, मान्य. पण शिकवणं म्हणजे संशोधनाचा शेवट, हे तुझ्या गाइडना कुणी सांगितलं?

माझ्या बॅचचे लोक म्हणतात, मी मागे राहिलो. माझी एक कल्पना वहीतच राहिली आणि पुढे दुसऱ्या कुणाला सुचून छापूनही आली. सलतं. पण आठवड्याचे 16 तास शिकवायचं, पेपर तपासायचे, नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फायली भरायच्या, आणि विभागात धड स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषतं ते मोजणारं यंत्र, नाही; कल्पना तडीला न्यायची कशावर? मी हरून इथे आलो नाही. इथे मुलांच्या बोटांना डाग पडतात, ते मला हवे होते. असो. विषय तुझा आहे.

कुठेही मुलाखतीला गेलीस की आधी प्रयोगशाळा बघ. नळाला पाणी किती वाजेपर्यंत असतं, विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्यूम हूडचा पंखा फिरतो का, तराजू वापरात आहे की कपाटात झाकलेला, प्रॅक्टिकल कोण घेतं, हे विचार. आकडा सांगितला तर चहासुद्धा न घेता नीघ. आणि जर्मनीच्या प्रोफेसरांनाही आजच लिही: स्वतः रिॲक्शन लावायच्या आहेत, की दुसऱ्यांच्या डेटाचे आलेख काढायचे आहेत? उत्तर आलं की मला कळव.