परदेशात युद्ध केलं की सत्ताधाऱ्यांना फायदा होतोच का?

तुम्ही विचारलंय, "इंदिराबाई बांगलादेशच्या युद्धामुळे निवडून आल्या, मग बाहेर लढाई करणं कुठल्याही सरकारला फायद्याचंच ना?" आधी तारखा नीट लावू. लोकसभेची निवडणूक मार्च १९७१ ला झाली. त्या ३५२ जागा 'गरिबी हटाव'च्या होत्या. युद्ध झालं डिसेंबरात. त्याचं पीक आलं ते मार्च १९७२ च्या विधानसभांना, एकट्या महाराष्ट्रात २७० पैकी २२२ जागा. मग दुष्काळ, महागाई, आंदोलनं आणि १९७५ ला आणीबाणी. युद्ध जिंकल्याची पुण्याई तीन-चार वर्षंही पुरली नाही.

आमचे चुलतेही हेच म्हणतात, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

माझे वडील महार रेजिमेंटचे. १९८७ च्या जुलैत राजीव गांधी आणि लंकेचे अध्यक्ष जयवर्धने यांचा करार झाला आणि भारताची शांतीसेना श्रीलंकेला गेली. ऑक्टोबरपासून ज्यांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायची त्यांच्याशीच, म्हणजे लंकेतल्या तमिळांसाठी वेगळं राष्ट्र मागणाऱ्या 'तमिळ वाघां'शीच (एलटीटीई) लढाई सुरू झाली. आमच्या घरी यातलं काहीच कळत नव्हतं. वडिलांच्या पत्रावर पत्ता असायचा '५६ एपीओ', म्हणजे लष्कराचं टपाल कार्यालय, गाव नाही की देश नाही. ते लंकेत आहेत हे आईला सुट्टीवर आलेल्या दुसऱ्या जवानाकडून कळलं. त्या नोव्हेंबरात ८ महारचे मेजर परमेश्वरन पडले. जन्म मुंबईचा, मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्या दिवसांत सात वाजताच्या बातम्या लागल्या की आई हातातलं पीठ तसंच ठेवून रेडिओपाशी येऊन उभी राहायची.

वडील १९८९ ला नडगीत सुरुंगाचे तुकडे घेऊन घरी आले. नोव्हेंबरात लोकसभेचा प्रचार चालू होता. काठी टेकत ते पारावरच्या सभेला गेले, मीही बरोबर होतो. वक्ता अर्धा तास बोफोर्सवर बोलला. तोफ, दलाली, स्विस बँक. तोवर लंकेत १,१०० च्या आसपास जवान गेलेले. त्यांच्यावर एक वाक्य नाही. दोन दिवसांनी दुसऱ्या पक्षाची सभा झाली, त्यांनीही नाही. वडील दोन्ही सभा शेवटपर्यंत ऐकून घरी आले.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. राजीव गांधी ४०० च्या वर जागांवरून १९७ वर आले, पण ते लंकेमुळे नाही. ज्या तमिळनाडूत हे युद्ध सगळ्यात जास्त सलत होतं, तिथे काँग्रेस आणि अण्णाद्रमुकच्या युतीनं ३९ पैकी ३८ जागा घेतल्या. मार्च १९९० ला शेवटची तुकडी मद्रासला उतरली तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी स्वागताला गेले नाहीत. पुढच्या जानेवारीत त्यांचं सरकार बरखास्त झालं, वाघांना मोकळं रान दिल्याचा ठपका होता. २१ मे १९९१ ला तमिळनाडूतल्या श्रीपेरुंबुदुरला वाघांनी राजीव गांधींची हत्या केली आणि त्या निवडणुकीत करुणानिधींचा द्रमुक भुईसपाट झाला. त्याच हत्येच्या चौकशीचा जैन आयोगाचा अंतरिम अहवाल आला, काँग्रेसनं द्रमुकचे मंत्री काढा म्हणून हट्ट धरला आणि १९९७ च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्याच बाहेरच्या पाठिंब्यावर चाललेलं केंद्रातलं गुजराल सरकार पडलं. लढाई संपून साडेसात वर्षं झाली होती. बाहेरचं युद्ध देशाच्या राजकारणात असं शिरतं, आडवाटेनं आणि उशिरा. ज्यानं सैन्य पाठवलं त्याला मतपेटीत त्याचा हिशोब द्यावा लागतोच असं नाही. ज्या राज्याचं रक्ताचं नातं पलीकडे आहे ते राज्य मात्र ढवळून निघतं, आणि बाकीच्या देशाला पत्ता लागत नाही.

तमिळनाडूच्या त्या निकालांना युत्या आणि पक्षफुटी ही कारणंही होती, हे मान्य. शिवाय करुणानिधी त्यांच्या मतदारांच्या भावनेला धरूनच वागले. वडिलांनाही ते पटायचं, मला अजून पटत नाही.

चुलते पक्षाचं काम करायचे. एका दिवाळीला फराळाला सगळे बसलेले असताना ते वडिलांना म्हणाले, "दादा, लढाई म्हणजे एकाहत्तरची. तुम्ही शांतीसेनेत होता, ती काय लढाई नव्हे." वडिलांनी ताटली खाली ठेवली, नडगीवरून एकदा हात फिरवला आणि गोठ्यात निघून गेले. म्हशीला वैरण घालून झाली तरी आत आले नाहीत. मी तेव्हा बारावीत होतो, तारखा तोंडपाठ नव्हत्या, गप्प बसलो.

तेव्हा युद्धाचा राजकारणावर परिणाम मोजायचाच असेल तर नुसत्या जागा मोजू नका. सरकारनं त्याला युद्ध म्हटलं का, मेलेल्यांचा आकडा संसदेत कितीदा विचारला गेला, स्मारक कुणी आधी बांधलं हे बघा. शांतीसेनेचं मोठं स्मारक कोलंबोजवळ उभं आहे, लंकेच्या सरकारनं बांधलेलं. त्यावर परमेश्वरन यांचंही नाव आहे. चुलत्यांना तो फोटो मी मागच्या गणपतीत दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "दादाच्या पलटणीतली यात किती?" वडील आता नाहीत. मी एकेक नाव वाचून दाखवायला लागलो.