रोज लपवून बाळगायला छोटं पिस्तूल की मोठं?

तुम्ही टेक्सासात, ग्रीन कार्डवर, आणि अडलंय छोटं ग्लॉक ४३ की मोठं ग्लॉक १७ यावर. माझं मत: दोन्ही नकोत, मधलं ग्लॉक १९ बघा.

दोन्हींत गोळी तीच, ९ मिमीची. ४३ मध्ये मॅगझिनला ६ गोळ्या, १७ मध्ये १७. दुकानात ४३ हातात घेतलं की माणूस भुलतो, केवढंसं आहे! पण रेंजवर करंगळीला मुठीवर जागाच मिळत नाही, हलकं असल्यामुळे धक्का जोरात बसतो आणि पन्नासेक गोळ्यांनंतर सराव नकोसा होतो. सराव सुटला की नेम गेलाच.

मोठ्याची अडचण वेगळी. लोकांना वाटतं नळी लांब म्हणून ते दिसतं. नळी तर पँटच्या आत असते. चुगली करते ती मूठ. किराणा दुकानात खालच्या फळीवरची डाळ काढायला वाका, टी-शर्टवर मागे कोपरा उठलाच. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात वर जॅकेट तरी कसं घालणार?

१९ ची मूठ आखूड, तरी १५ गोळ्या. अगदी सडपातळ असाल तर मात्र छोटंच बरं. आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) नि कमरेचा जाड पट्टा यांत काटकसर नको. ढिल्या पट्ट्यावर छोटं पिस्तूलही लोंबकळतं.

हो, एच-१बीवाल्या मित्राला सांगू नका ‘तूही घे’ म्हणून. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने त्याला बंदूक बाळगताच येत नाही.